महिनाभराची सेटिंग

त्याला शंकासुर हे नाव लाइनच्या मुकादमाने ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की बदलून आलेल्या साहेबांनी पहिल्याच बैठकीत त्याला सरळ त्या नावाने हाक मारली. साहेबांना वाटलं, आडनाव असावं. कुणी हसलं नाही. त्यानेही ‘हो साहेब’ म्हणून उत्तर दिलं आणि तिथून पुढे तो सगळ्यांचाच शंकासुर झाला.

त्याचं काम रिलेचं. उपकेंद्रातल्या एका थंडगार खोलीत लोखंडी कपाटं ओळीने उभी होती आणि त्यांच्या पोटात रिले बसवलेले होते. तारेत कुठे काही बिनसलं, झाड टेकलं, तार तुटून जमिनीवर आली, की रिलेने ते डोळ्याचं पातं लवायच्या आत ओळखायचं आणि लाइन बंद पाडायची. पण कशाला बिनसणं म्हणायचं आणि कशाकडे काणाडोळा करायचा, हे रिलेला आधी कुणीतरी आकड्यांत सांगून ठेवावं लागतं. त्याला सेटिंग म्हणतात. शंकासुर तो सांगणारा माणूस. चांगलं चाललेल्या गोष्टीबद्दल वाईट विचार करत बसणं हीच त्याची नोकरी होती, आणि ती तो मन लावून करायचा.

त्याच्या वाट्याला आलेली लाइन मोठी नाठाळ होती. दूरच्या मोठ्या केंद्रातून ती निघायची, एक लांबलचक खडकाळ पठार ओलांडायची आणि शहरात उतरायची. शहराला दुसरी लाइन नव्हती. पठारावर पवनचक्क्या उभ्या राहीपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग त्यांची वीज याच लाइनीत सोडायचं ठरलं आणि शंकासुराच्या कपाळाला आठ्या पडल्या त्या पडल्याच. वारा सुटला की या चक्क्या अंगात आल्यासारखं करायच्या, पडला की मुळूमुळू. जोराच्या वाऱ्यात प्रवाह असे काही हेलकावे खायचा की तार धडधाकट असतानाही रिलेला वाटावं, तुटली. शांत दिवशी नेमकं उलट. खरंच तार तुटून त्या कोरड्या खडकावर पडली, तरी जमिनीत जाणारा प्रवाह इतका किरकोळ असणार की रिलेला त्याचा पत्ताही लागू नये. म्हणजे सेटिंग बारीक ठेवावी तर वाऱ्याच्या दिवसांत शहर उगाचच अंधारात, आणि ढोबळ ठेवावी तर एखाद्या शांत दिवशी चालू तार जमिनीवर पडून राहणार आणि कुणाला कळणारही नाही. शंकासुराने ती बारीक ठेवली होती. शहर त्याच्या नावाने बोटं मोडत होतं.

बोटं मोडणाऱ्यांत त्याच्या घरचीही माणसं होती. बायकोची फुप्फुसं आकसत चालली होती आणि डॉक्टरांनी त्यात काही लपवलं नव्हतं. पलंगाशेजारी हवेतून प्राणवायू वेगळा काढणारं एक यंत्र अष्टौप्रहर घरघरायचं आणि त्याची नळी तिच्या नाकाला. लाइन गेली की ते गपकन थांबायचं आणि कर्कश शिटी द्यायचं. इन्व्हर्टर लावून पाहिला होता, त्याला यंत्राचा भार झेपला नाही. मग कोपऱ्यातला सिलिंडर उघडायचा, नळी बदलायची. धडधाकट माणसाच्या हिशेबात या बदलाबदलीला वेळच लागत नाही. जिचा श्वास अडकलाय तिच्या डोळ्यांकडे मात्र त्या वेळात बघवत नसे.

“तुमचा रिले शिंकला बघा,” धाप ओसरली की ती म्हणायची. “त्याला काढा करून पाजा कुणीतरी.”

मुलीला ही थट्टा सोसत नसे. ती बँकेत होती, आईसाठी बदली मागून घरी आली होती आणि आईच्या बाजूने भांडायचं कामही तिने आपणहून घेतलं होतं.

“बाबा, दोन आकडे बदलायचे आहेत. तुमच्याच हातात आहे. दुसऱ्या कुणाच्या बाबांच्या हातात असतं तर मी त्यांच्या पाया पडले असते.”

“तार पडली म्हणजे?”

“पडलीये का कधी?”

“अजून नाही.”

“मग?”

न पडलेली तार कुणाला कशी दाखवायची, हे त्याला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. ऑफिसात जमलं नाही, घरात कुठलं जमायला.

वाऱ्याचे दिवस लागले आणि तिची झोप उडाली. पठारावर घोंगावणारा वारा शहरात पोचेपर्यंत मवाळ व्हायचा, पण खिडकीची झडप हलायला तेवढा पुरे. झडप हलली की ती उशांना टेकून उठून बसायची आणि यंत्रावरच्या हिरव्या दिव्याकडे बघत राहायची. डोळ्याला डोळा लागला तरी मध्येच दचकून उठायची, लाइन गेलेली नसतानाही. डोळ्यांखाली काळं साचलं. थट्टा कमी झाली, आणि त्या घरात थट्टा कमी होणं हे डॉक्टरांच्या कागदापेक्षा वाईट लक्षण होतं.

एका दुपारी तो तिचे केस विंचरत होता. हात वर धरला की तिला दम लागायचा, म्हणून हे काम त्याच्याकडे आलं होतं. त्याने घातलेली वेणी बघून मुलगी एकदा म्हणाली होती की, तारांचे जोड असेच घालता का. आज वेणी त्यातल्या त्यात सरळ जमत होती आणि बायको काहीतरी बोलेल म्हणून तो वाट बघत होता.

“अहो, एक मागू?” ती म्हणाली.

“माग की.”

“मी तुमच्या कामात कधी बोलले नाही.”

“रोज बोलतेस.”

“ते चेष्टेत. आता खरं बोलतेय.” ती थोडी थांबली, श्वास जमवला. “मला झोप पाहिजे. वारा सुटला की मी त्या दिव्याकडे बघत बसते. आता जाईल, मग जाईल. मरायला मी भीत नाही हो, ते आता पुढे किती ढकलणार. पण दचकून मरायचं नाहीये मला.”

त्याचा हात केसांत तसाच राहिला.

“त्या रिलेला थोडे दिवस झोपवा,” ती म्हणाली. “म्हणजे मी झोपेन.”

त्याने वेणी पुरी केली, टोकाला रबर लावलं आणि उठून स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. तिथे त्याला रडू आलं. संसारात तिने त्याच्याकडे फार थोडं मागितलं होतं आणि जे मागितलं त्यातलं बरंचसं त्याने ‘बघू’ म्हणून लांबवलं होतं. हे लांबवण्यासारखं नव्हतं.

साहेबांना तर तेच हवं होतं. पवनचक्कीवाल्यांचे फोन, पाणीपुरवठ्याचे फोन, रुग्णालयाचे फोन, सगळे त्यांच्या टेबलावर येऊन पडायचे आणि प्रत्येकाला ते ‘आमचे तज्ज्ञ बघताहेत’ म्हणून सांगायचे. तज्ज्ञ स्वतः चालत आलेला बघून ते खुर्चीत सावरून बसले.

“किती दिवसांसाठी?”

“महिनाभर. वाऱ्याचे दिवस सरेपर्यंत.”

“आणि मग?”

“मग पूर्ववत.”

साहेबांनी मान हलवली. त्याच्या घरची परिस्थिती त्यांना माहीत होती आणि कारण त्यांनी विचारलं नाही. माणूस भला होता. त्याच दुपारी शंकासुराने रिलेसमोर स्टूल ओढलं आणि आकडे ढोबळ केले. इतकी वर्षं ज्यासाठी सगळ्यांशी वाकडं घेतलं, ते करायला चहा निवायचासुद्धा वेळ लागला नाही. याचं त्याला फार वाईट वाटलं.

मुकादमाच्या कानावर बातमी गेली नसती तरच नवल. लाइनची अख्खी टोळी त्याच्या हाताखाली होती आणि पठारावरचा एकेक मनोरा तो घरच्या खांबासारखा ओळखायचा. दोघं एकाच वर्षी खात्यात लागले होते. एक तारांखाली चालत म्हातारा होत चालला, दुसरा कपाटांसमोर बसून, एवढाच काय तो फरक.

“काय शंकासुर, शंका मिटल्या म्हणे?” तो दारातूनच म्हणाला. मग जवळ आला, त्याचं तोंड बघितलं आणि आवाज खाली आणला. “वहिनींसाठी?”

त्याने मान डोलावली.

“बरं केलंत.” मुकादमाने कपाटावर थाप मारली. “आता असं करू. याचे डोळे बांधलेत, तर आपले उघडे ठेवू. वारा पडला त्या दिवशी तो खडकाळ तुकडा मी चालून बघत जाईन. वाऱ्याने तारांचे सांधे खिळखिळे होतात आणि सुटतात ते नंतर, उन्हात, सगळं शांत असताना.”

“ते तुमचं काम नाही, मुकादम.”

“माझं काम काय ते मला कळू लागलं असतं तर मी साहेब झालो असतो. महिन्याचा तर प्रश्न आहे.”

आणि ती झोपली. पहिल्या दिवशी तिचा विश्वास बसेना, डोळे मिटायचे आणि उघडायचे. मग खिडकीची झडप आपटत राहिली, बाहेर झाडं वाकत राहिली, हिरवा दिवा काही हलला नाही, आणि ती भिंतीकडे तोंड करून उजव्या कुशीवर अशी झोपली की मुलगी घाबरून दोनदा तिच्या नाकाशी हात धरून आली. जाग आल्यावर तिने आरसा मागितला आणि वेणीला नावं ठेवली. त्या दिवशी घरात सगळेच पोटभर जेवले.

ते दिवस चांगले होते, हे सांगितलंच पाहिजे. आजार हटला नव्हता, हटणार नव्हता, पण भीती गेली होती. ती जुन्या गोष्टी काढायची, मुलीला कसं चालायला शिकवलं, नवऱ्याने पहिल्या पगारातून तिच्यासाठी चपला आणल्या त्या दोन्ही एकाच पायाच्या कशा निघाल्या. हसताना खोकला यायचा आणि खोकता खोकता झोप लागायची. आणि एका जोराच्या वाऱ्याच्या दुपारी ती झोपेतच गेली. लाइन गेली नव्हती. यंत्र घरघरत होतं, दिवा हिरवा होता आणि ते बघून दोघंही बराच वेळ ती झोपलीय असंच समजत राहिले.

मुकादम टोळी घेऊन आला होता. सगळे मागे हात बांधून उभे राहिले. मुकादमाची बायको मुलीला पोटाशी धरून बसली होती. ती शंकासुराच्या बायकोला ताई म्हणायची आणि ताईंच्या आजारपणात आठवड्यातून एकदा तरी येऊन त्यांचे पाय चेपून जायची. सगळं आटोपून लोक पांगल्यावर मुलगी त्याच्याजवळ आली.

“बाबा, तुम्ही शेवटी आईचं ऐकलंत,” ती म्हणाली. “मी हे विसरणार नाही.”

महिना भरला तसा तो साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. वारा आता कमी झाला होता, दिवस तापायला लागले होते. साहेबांनी त्याला बसायला सांगितलं, चहा मागवला, घरचं विचारलं. मग म्हणाले, “ती सेटिंग आहे तशीच राहू द्या.”

“साहेब, ती तात्पुरती होती.”

“होती. पण एकदा तरी लाइन गेली का? वरून कौतुक आलंय. तुमच्या नावाने आलंय. इतकी वर्षं तुम्ही सांगत होतात की ढोबळ करता येणार नाही, आणि तुम्हीच करून दाखवलीत. आता मी वर कुठल्या तोंडाने सांगू, की पुन्हा शहर अंधारात घालायचंय?”

“वाऱ्यात काही होणार नव्हतंच. धोका आता आहे. आता तार पडली तर कळणार नाही.”

“मग अभ्यास करून घेऊ. बाहेरचे तज्ज्ञ बोलवू. ते म्हणाले तर बदलू.”

शाळेत ज्यांनी कधी अभ्यास केला नाही, अशी माणसं ऑफिसात आली की ऊठसूट अभ्यास करायचा म्हणतात, आणि तोही दुसऱ्याने. शंकासुराने अर्ज केले, फोन केले, वरच्या ऑफिसात जाऊन बाकावर बसला. मधल्या काळात रिलेचा पासवर्डही वरच्या ऑफिसने आपल्याकडे घेतला होता, त्यामुळे आकडे आता त्याला स्वतःला बदलता येत नव्हते. कुणी त्याच्याशी वाईट वागलं नाही. बायको गेलीय, मन थाऱ्यावर नाही, असंच सगळे समजत होते आणि चहा पाजून त्याला परत पाठवत होते.

घरी त्याने मुलीला सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं.

“म्हणजे आईसाठी केलंत ते चूक होतं?”

“चूक नव्हतं.”

“मग शहरात अजून कुणाची आई तसंच यंत्र लावून पडली असेल, तिने काय घोडं मारलंय?”

तिचं म्हणणं खरं होतं. त्याचंही खरं होतं. दोन्ही खरं असलं की माणसाने करायचं काय, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्या माणसासाठी आपण डोळेझाक केली आणि आता परक्यांसाठी ती करत नाही म्हणायचं, हे त्याच्या स्वतःच्याच घशाखाली उतरत नव्हतं.

म्हणून तो मुकादमाच्या घरी गेला.

“अजून थोडे दिवस बघाल का?” त्याने विचारलं. “अभ्यास होईपर्यंत.”

“विचारता काय,” मुकादम म्हणाला.

त्याची बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. “भाऊजी, तुमच्या त्या डबड्याला लवकर डोळे बसवा,” ती म्हणाली. “यांचे गुडघे गेलेत. घरात पाटावर बसता येत नाही, आणि पठारावर चालायचं म्हटलं की नवरदेवासारखे निघतात.”

सुटीच्या दिवशी शंकासुरही बरोबर जायचा. दोघं तारांखालून चालत, मान वर करून. मुकादम वाटेतल्या प्रत्येक मनोऱ्याची कुंडली सांगायचा, हा कुणी उभा केला, त्यावरून कोण पडता पडता वाचला. त्या चालण्यात शंकासुराला बायकोची आठवण कमी छळायची. हे त्याने मुकादमाला सांगितलं नाही, पण त्याला ते कळलं असावं, कारण ज्या दिवशी गरज नसायची त्या दिवशीही तो ‘चला’ म्हणायचा.

तो दिवस कामाचा होता. ऊन असं होतं की उपकेंद्राच्या अंगणातली खडी बघवत नव्हती. वारा नावाला नव्हता. शंकासुर रिलेच्या खोलीत होता तेव्हा मुकादमाचा फोन आला.

“पडली हो, शंकासुर.”

त्याचा आवाज अगदी साधा होता. शेजारी चुरचुर असा आवाज येत होता, कढईत काहीतरी पडल्यासारखा.

“कुठे?”

“खडकाच्या तुकड्यात, पायवाटेला लागून. सांधा सुटलाय. गवत पेटतंय थोडं थोडं. चालू आहे. तुमच्याकडे काय दिसतंय?”

त्याने रिलेकडे पाहिलं. सगळे दिवे हिरवे. पडद्यावरचे आकडे रोजचे. कुठेही एक शब्द नाही.

“काही दिसत नाही,” तो म्हणाला. “तुम्ही लांब राहा. बंद करायला सांगतो.”

“लांबच आहे. घाई नाही, पण करा.”

तो फोन कानाला धरून पलीकडच्या खोलीत गेला. लाइन चालू-बंद करणारा ऑपरेटर समोरच्या फळ्यावरचे दिवे बघत होता. “इथे तर सगळं ठीक आहे,” तो म्हणाला. “मी कशाच्या जोरावर बंद करू? शहराची एकच लाइन. वरून परवानगी लागेल.” चुकीचं काही बोलत नव्हता तो, नियम तसाच होता. शंकासुराने दुसरा फोन उचलून वरच्या नियंत्रण कक्षाला लावला. तिथल्या माणसाने नाव विचारलं, लाइन विचारली, मग विचारलं, “रिले काय दाखवतोय?”

“रिलेला दिसत नाहीये. म्हणून तर सांगतोय.”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

“आमचा माणूस समोर उभा आहे.”

“धरा जरा. रुग्णालयाला विचारतो, शस्त्रक्रिया चालू असेल तर.”

तो धरून राहिला. एका कानाला वरचं ऑफिस, दुसऱ्या कानाला पठार. बंद करायचं हँडल त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं. त्याला हात लावायचा अधिकार त्याचा नव्हता, आणि आयुष्यभर तो अधिकारात राहून वागलेला माणूस होता.

पठाराच्या कानात मुकादम म्हणाला, “थांबा, कोणीतरी येतंय.” मग लांबून, फोन तोंडापासून दूर नेऊन, “ओ बाई, थांबा. तिकडेच थांबा.” मग पुन्हा जवळून, “डोक्यावर गवताचा भारा आहे हो, तिला पुढचं दिसत नाही. ऐकू पण जात नाहीसं दिसतंय.” आणि मग पावलांचा आवाज.

तार जमिनीवर पडली की आजूबाजूच्या जमिनीतही वीज पसरते, रिलेच्या लेखी किरकोळ, पण माणसाला मारायला पुरेशी. दोन पावलांत जितकं अंतर, तितका धक्का मोठा. म्हणून तिथे वावरायचंच झालं तर पावलाला पाऊल चिकटवून, सरपटल्यासारखं चालायचं. टोळीत नवा आलेला प्रत्येक माणूस हे मुकादमाकडून शिकला होता. अंगणात खडूने रेघा मारून तो त्यांना तसं चालायला लावायचा आणि कुणी हसलं की पुन्हा पहिल्या रेघेवर पाठवायचा. त्या दिवशी बाईच्या आणि तारेच्या मध्ये जायला वेळ थोडा होता. तो धावला.

शंकासुराला फोनमधून पावलं ऐकू आली आणि मग ऐकू आली नाहीत. त्याने हातातला दुसरा फोन टाकून दिला आणि हँडल फिरवलं. शहर बंद झालं. चुरचुर थांबली. त्याने कितीतरी वेळ हाका मारल्या, “मुकादम, मुकादम,” आणि शेवटी फोनवर बाईच्या रडण्याचा आवाज आला. ती भारा टाकून जागच्या जागी बसली होती, म्हणून वाचली.

हँडल आधीच का फिरवलं नाही, हे त्याला कुणीही विचारलं नाही. ऑपरेटरने विचारलं नाही, साहेबांनी नाही, चौकशीला आलेल्यांनीही नाही. उलट परवानगीशिवाय फिरवलं याबद्दल त्याला कारण द्यावं लागलं. चौकशीत निघालं ते असं, की सांधा जुना होता आणि मयत कर्मचाऱ्याने सुरक्षित अंतर पाळलं नाही. सेटिंग त्याच संध्याकाळी वरून बारीक करण्यात आली. कुणी अभ्यास केला नाही. साहेब त्याच्या खोलीत येऊन स्टुलावर बसले आणि रिलेच्या काचेवरची धूळ रुमालाने पुसून गेले.

मुलगी त्या दिवसापासून त्याच्याशी नीट बोलू शकत नव्हती. एकदा भांडी घासता घासता ती म्हणाली, “मीच तुम्हाला म्हणत होते, पडलीये का कधी.” त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला दोष देण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं, आणि तिला सोडवण्यासारखंही.

मग तो मुकादमाच्या घरी गेला. लोक येऊन जाऊन झाले होते. मुकादमाची बायको पुढच्या खोलीत खाली बसली होती, भिंतीला पाठ लावून, हात मोकळे. तिने उठून त्याला पाणी दिलं आणि पुन्हा तशीच बसली.

“वहिनी, मला तुम्हाला काही सांगायचंय,” तो म्हणाला. “ती सेटिंग बदलली होती, ती मी...”

“माहीत आहे मला.”

तो थांबला.

“त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी. वहिनींना झोप लागत नाही म्हणून शंकासुरांनी मन घट्ट केलंय, आता आपण थोडं जास्त चाललो तर काय झिजतोय का, म्हणाले.” ती जमिनीकडे बघत बोलत होती. “गुडघ्यांचं मी बोलायचे, ते तोंडदेखलं. मीच म्हटलं होतं, जा. ताईंसाठी जा.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“मला तुमचा राग येतो, भाऊजी. खोटं कशाला बोलू. सकाळी उठले की येतो. पण करायला जावं तर मध्ये ताई येतात. त्यांचे पाय चेपलेत मी, त्यांच्यावर कसा राग काढू.” तिने पदराने तोंड पुसलं. “ते तर धावत गेले. घरातून जाताना जेवायला येतो म्हणाले होते.”

त्याला मान वर करता येईना. मग तिने विचारलं,

“ताई झोपल्या का हो शेवटी?”

“झोपली.”

“शांत?”

“हो. शांत.”

“मग मला नीट सांगा ते.” ती पहिल्यांदाच त्याच्याकडे बघत होती. “नुसतं शांत नको. कशा झोपल्या, कधी झोपल्या, सगळं सांगा. माझा माणूस कशासाठी चालत होता ते मला ऐकू दे.”

तो सांगायला लागला. त्याला सांगता येत नव्हतं, तरी सांगत गेला. पहिल्या दिवशी तिचा विश्वास कसा बसत नव्हता. मग भिंतीकडे तोंड करून, उजव्या कुशीवर. एक हात गालाखाली. बाहेर वारा होता, झडप आपटत होती, आणि तिला जाग आली नाही. उठल्यावर आरसा मागितला. चपलांची गोष्ट काढून हसली. भूक लागली म्हणाली. रोज थोडी जास्त झोपायची, आणि शेवटच्या दुपारीही तशीच, तोंडावर काही त्रास नाही, कपाळावर आठी नाही.

त्याचं बोलणं संपलं. ती भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

“पुन्हा सांगा,” ती म्हणाली.

त्याने पुन्हा पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.